हातचा

येलदरीच्या रस्त्याला दोन खोल्यांची शाळा.
दुसरीतला मुंजाजी उभा राहून विचारतो,
"हातचा एक म्हंता, म्याडम,
पण कोणत्या हातात?"

एकवीस वर्षं शिकवतेय.
हे कुणी विचारलं नव्हतं.

मग त्यांनीच बघायचं ठरवलं.
तरन्नुमनं खिसाभर चिंचोके आणले.
सोमवारी उजव्या मुठीत धरला,
तर पेन्सिल धरता येईना.
मंगळवारी डाव्या.
बुधवारी नुसता मनात.

मागच्या भिंतीवर खडूच्या रेघा,
जमलं त्याची उभी, चुकलं त्याची आडवी,
खाली तरन्नुमचं अक्षर:
"मनातला हातचा सांडतो. मुठीतला राहतो.
वैजनाथचा मुठीतूनबी सांडतो
कारण तो खिडकीतून शेळ्या बघतो."

केंद्रप्रमुख म्हणाले, भिंत कुणी खराब केली?
म्हटलं, पुसू नका साहेब, अजून चालू आहे.

शनिवारी सकाळची शाळा.
सत्तेचाळीस आणि अडतीस.
मुंजाजीचे आले पंच्याहत्तर.
मी लाल पेनाचं टोपण काढलं.

"थांबा की," म्हणाला,
आणि डावी मूठ उघडली.
घामानं ओला एक चिंचोका.

"हे बघा, दहा हितंच हाईत.
चुकलं न्हाई, म्याडम,
ठिवायचं ऱ्हायलं."