फरसबी

या गावाचं नाव पूल.
नकाशात पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं,
चला, पलीकडे जाता येत असेल.
इथे खाडी आहे, चिखल, बगळे,
आणि क्रेनच्या सावलीत आमचं ऑफिस:
दोन टेबलं, एक किटली, लेस पिटफील्डचा रेडिओ.

मी कागद तपासते.
डकारहून सुटलेलं जहाज सहा दिवसांनी लागतं.
बहुतेक कंटेनरांत मका,
एकात कुंबा दियुफची शेंग.
ती म्हणते आरिको व्हेर,
लेस म्हणतो ग्रीन बीन्स,
मी मनातल्या मनात फरसबी.
इतकी वर्षं म्हणत आले, कधी ऐकूच आलं नाही
की या शब्दाच्या पोटात फ्रेंच बसलेत,
वाट चुकलेल्या पाहुण्यासारखे,
साताऱ्याच्या मंडईत, गोणपाटावर, दहा रुपये पाव.

माझं फ्रेंचही तसंच.
संस्कृतपेक्षा मार्क पडतात म्हणून अकरावीत घेतलेलं,
तीस वर्षं ट्रंकेत राहिलेलं.
आता फोनवर कुंबा, तिच्यामागे पाण्याची मोटर, एक कोंबडा,
'मादाम गोर्पादे, या वेळी काय चुकलं?'

काही चुकलं नाही, कुंबा. शिक्का जुना आहे.
तुमच्या साहेबाच्या शिक्क्यावर अजून युरोपीय संघ आहे,
आणि आम्ही आता त्यात नाही.
आम्ही चूल वेगळी मांडली.
'हो, रेडिओवर ऐकलं,' ती म्हणाली,
'भांडण कशावरून झालं?'
फ्रेंचमध्ये मला सांगता येईना.
मराठीतही आलं नसतं.

शेंग वाट बघत नाही.
आधी टोकं काळी पडतात,
मग मधला भाग ओलसर, बोटाला चिकट.
लेस म्हणतो, दात येताना बाळ रडतंच.
बाळ तिकडे रडतंय, लेस,
दात इकडे येतायत.

तिकडे पहाटे तोडणीला येणाऱ्या चाळीस बाया
घरी पाठवल्या, पुन्हा बोलावल्या, पुन्हा पाठवल्या.
नवा शिक्का सँ-लुईत करायला टाकलाय.
कोरणाऱ्यानं विचारलं म्हणे,
'संयुक्त राज्य? कुणाशी संयुक्त?'
कुंबा हसली. मीही हसले.
हसण्याचा मिनिटाचा दर दोन्हीकडे वेगळा.

एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही.
त्या जूनमध्ये मलाही मत होतं.
भारताचा पासपोर्ट, तरी होतं,
जुन्या राज्याची थकलेली उधारी म्हणा.
तिला नव्हतं.
तिचे साहेब वेगळे होते.

दारात एक पत्रक पडलं होतं:
त्यांच्यासाठी दार लागलं की तुमच्यासाठी उघडेल.
भाच्याचा व्हिसा तोवर तीनदा नाकारला होता.
मी शाळेच्या हॉलमध्ये गेले,
भिंतीवर पोरांनी काढलेल्या व्हेल माशाखाली उभी राहिले,
आणि दोरीनं बांधलेल्या पेन्सिलीनं
फुली मारली.
जोर देऊन, पुसट नको म्हणून.

चौथ्यांदाही नाकारला.

पाचव्या दिवशी कागद सुटला. शेंग सगळी सुटली नाही.
शनिवारी दुकानात, मागच्या रॅकवर,
पिवळ्या स्टिकरची पाकिटं:
मूळ देश सेनेगल, पस्तीस पेन्स.
मी चार घेतली. आणखी घेतली असती,
पण एका माणसाच्या घरात कोण खाणार.

ओट्यावर पेपर पसरला.
देठ मोडायचं, त्याच झटक्यात शीर ओढायची,
काळं टोक खुडून टाकायचं.
तेवढ्यात तिचा मेसेज:
पुढच्या हंगामात निम्मं शेत रॉटरडॅमसाठी,
तिथे जुना शिक्का चालतो.
'तुमच्यापुरती मात्र लावते.'

'मेर्सी' लिहिलं, खोडलं.
आणखी काहीतरी लिहायला घेतलं,
त्यातलं क्रियापद आठवेना.
फ्रीजरमधून काढलेलं खोबरं
अजून दगडच होतं.