उलटी लेन्स

लग्नसराई आटोपली की आरमोरीतला माझा स्टुडिओ
नुसता पंखा ऐकत बसतो.
मग मी पन्नासची जुनी लेन्स उलटी फिरवून
काळ्या टेपने कॅमेऱ्याला बांधतो,
फ्लॅशच्या तोंडावर दूध पावडरच्या डब्याचं पांढरं झाकण,
आणि मोटरसायकल काढतो रानाकडे.

उलट्या लेन्समधून नवरदेव दिसत नाही.
दिसतं ते तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढं,
त्याच्या अलीकडे धुकं, पलीकडे धुकं,
श्वास घेतला की तेही निसटतं.
"जरा हसा" म्हणायची सोय नाही.
मुंगी हार सावरत नाही,
नाकतोडा दुसऱ्यांदा उडी मारून दाखवत नाही.

भादव्याच्या शेवटी पारबता डुमाणेच्या येनांत गेलो.
"चपला तिकडं ठेव गा, कोशाचं रान हाय."
ठेवल्या.
सुसरीच्या पाठीसारखी साल,
आणि फांदीफांदीला बोटाएवढ्या हिरव्या अळ्या,
कुशीवर चंदेरी ठिपके,
कुणी जोडव्यांचा चुरा चिकटवल्यासारखे.
ती दूर, गुलेर ताणून
कावळ्यांशी भांडत होती.

पाचव्या झाडावर तो सापडला.
वाटाण्याएवढा, तपकिरी, दोन्ही खांद्यांना काटे,
आणि तोंडाची सुई सरळ काढून
अळीच्या अंगात.

मी गुडघे टेकले.
पहिली फ्रेम सुईच्या टोकावर,
दुसरी केसभर मागे,
तिसरी आणखी केसभर.
चाळीस फ्रेम, चाळीस वेळा धरलेला दम.
पाठीवर बारीक खड्डे,
आंदणाच्या भांड्यावर नाव घालतात तसे ठोकलेले,
पण वाचता येईल असं नाव कुणाचंच नाही.
किती सुंदर, असं मी मोठ्याने म्हटलंही असेन.
वीस मिनिटं गेली असतील.

"कवापासून पाऊन रायला?"
मागे पारबता.
"दिसला तं हाक नाई माराची?"

तिने किडा चिमटीत उचलला,
घासलेटच्या बाटलीत टाकला, झाकण फिरवलं.
अळी फांदीला लोंबत राहिली,
पिळून टाकलेल्या फडक्यासारखी.
"एक कोसा गेला," ती म्हणाली,
रागाने नाही,
वहीत लिहिताना म्हणतात तसं.

मी खिशात हात घातला.
"पैसे नोको. फोटू दाखव."

पडद्यावर तिने अळीकडे पाहिलंच नाही.
मोठा कर म्हणाली, अजून मोठा कर,
मी बटण दाबत गेलो,
शेवटी सगळा पडदा त्याच्या एका डोळ्याने भरला.
"असा दिसते होय हा.
बारा वर्सं मारून रायली याले,
तोंड आज पायलं."
मग तिने बाटली उजेडात धरली,
जराशी हलवली,
परत कनवटीला खोचली.
"याचा मोठा काढून दे. सून नवी हाय,
तिले अजून समजत नाई."

आठ बाय बारा, लॅमिनेट करून दिला.
बॉर्डर नेहमीचीच, सोनेरी वेलबुट्टीची,
दुसरी शिल्लक नव्हती.
आता तो येनाच्या बुंध्याला तारेने टांगलाय,
खाली माझ्या स्टुडिओचं नाव, मोबाईल नंबर.
लाल मुंग्या त्याच्या काट्यांवरून
न थांबता जातात येतात.

एक फ्रेम तिला दाखवली नाही.
एकतिसावी. फोकस चुकून पुढे सरकला होता,
सुई धूसर, किडा धूसर.
स्पष्ट आहे ते फक्त अळीचं तोंड
आणि पानाची कड,
अर्धगोल, नुकतीच कुरतडलेली,
रस अजून ओला.

ती खात होती.