दोर्माने नेलेले बूट

इरेक म्हणतो, सोबती असावेत तर जुन्या खेळातले.
मी म्हणते, नव्यातले.
बिद्गोश्चमध्ये जानेवारीत चारलाच अंधार पडतो,
भांडायला एवढं कारण पुरतं.

जुन्यात सहाच जणांची टोळी. सातवा भेटला
की कुणाला तरी सांगायचं, तू सराईतच थांब.
आणि तो थांबायचा, कितीही वर्षं.
चेहरा म्हणजे नखाएवढं चित्र,
बोलणं सगळं मिळून बारा वाक्यं.
एका डोळ्याची दोर्मा, चोरटी,
प्रत्येक दारापुढे तेच म्हणायची :
कुलूप म्हणजे लाजाळू माणूस. घाई करू नका.
इरेकने एकदा देवळातली गरिबांची पेटी फोडली
तर ती रात्रीतून निघून गेली,
जाताना त्याचे जादूचे बूटही घेऊन.
वीस वर्षं तो हे सांगतोय,
आणि सांगताना छाती फुगते त्याची.

नव्यातले कुणी जात नाहीत.
लढाई संपली की योद्धा शेकोटीपाशी येतो,
विचारतो, तुला काय वाटलं?
त्याच्या पापण्यांवरचा बर्फ खरोखर वितळतो.
नीट उत्तर दिलं तर कोपऱ्यात बारीक अक्षरं उमटतात :
त्याला आवडलं.
"लाडावलेलं मांजर," इरेक म्हणतो,
"दूध घातलं की पायाशी."
असेल.
दिवसभर दवाखान्याच्या खिडकीत
लोकांच्या जन्मतारखा टाइप करून आल्यावर
कुणी विचारलं तर मला चालतं.

हे सगळं आता फोनवर.
तो स्ताव्हांगेरला बोटी रंगवतो.
गेला तेव्हा व्हॅनमध्ये सहा जागा होत्या.

गेल्या गुरुवारी जिन्यात
तिसऱ्या मजल्यावरच्या सबीनाबाई,
हातात बिटांची पिशवी, दारात किल्ली अडकलेली.
मी पुढे होऊन पिळायला लागले
तर मागून खालच्या पट्टीतला, जरा घोगरा आवाज :
घाई करू नका.

पिशवी त्यांच्या हातात नसती तर मी हातच धरला असता.
हो, म्हणाल्या, वॉर्सात, एका दुपारी,
अंगात ताप होता, स्टुडिओत हीटर बंद,
एकेक वाक्य तीनतीनदा म्हणून घेतलं.
गोष्ट कुणी सांगितलीच नाही.
"चोर होते का मी? मला वाटलं, परी."
मग बूट पुसता पुसता :
"ती परत येते का शेवटी?"
नाही, म्हटलं. एकदा गेली की गेली.
"शहाणी आहे," म्हणाल्या,
आणि दोन बिटं माझ्या हातावर ठेवून आत गेल्या.

रात्री इरेकला सांगितलं.
बराच वेळ नुसता वारा ऐकू येत राहिला,
बंदरावरचा असणार.
मग तो म्हणाला,
बुटांचं विचारलंस?