पाऊण तास

लॉगबुकात तीनशे एक्केचाळीस तास भरलेत.
अजून एकोणसाठ हवेत,
मोठ्या माणसांचे, पक्षाघातानंतरचे.
म्हणून मंगळवार-शुक्रवार साडेअकराला
रामबागेतले झोकरकर माझे.

मिलमध्ये टाइमकीपर होते, सून सांगते,
भोंगा यांच्या घड्याळावर वाजायचा.
आता "बरं का" एवढंच उरलंय,
तेच चहाला, तेच जिन्याला,
तेच गेलेल्या बायकोच्या फोटोला.
उजवा हात मांडीवर असतो,
दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला घेतल्यासारखा.

चाचणीचा कागद हिंदीत.
बाबा घरात मराठीच बोलायचे, सून म्हणाली.
नफीसा मॅडम माझ्याकडे वळल्या: तू घे, तुझीच भाषा.
माझी?
मी आईला फोनवर "येऊन राहिले" सांगते
आणि रिक्षावाल्याशी हिंदीत भांडते.

काचेपलीकडे मॅडम बसतात.
मला अलीकडून फक्त मीच दिसते,
पेनाची टोपी चावणारी.
चित्र दाखव. मनात दहा मोज.
पहिलं अक्षर लगेच पुरवू नकोस.
सहालाच माझा धीर सुटतो.

घड्याळ.
बरं का.
छत्री.
बरं का.
पिवळं चित्र. सात. आठ.
मीच बोलून गेले: केलं.

त्यांनी डोळे मिटले,
हजेरीपटावर खाडाखोड दिसावी तसे.
मग डावं बोट स्वतःच्या ओठाशी नेलं,
तोंड उघडलं,
जीभ मागे वळवली, टाळूला टेकवली, सोडली.
ळ.

ल, मी म्हटलं.
मान हलली.
टेबलावरचा छोटा आरसा
त्यांनी माझ्या तोंडासमोर फिरवला.

पाच वर्षं मी पोरांच्या जिभा वळवतेय.
माझी सरळच राहिली.
शाळेच्या बाराखडीत हे अक्षर नव्हतं
आणि घरी कुणी हटकलं नाही.

किती वेळा झालं, मोजलं नाही.
कधीतरी टेकली.
केळं, मी म्हणाले.
के, ते म्हणाले. आणि थांबले.
पंखा फिरत होता.
बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला.
ळं.
मग, बरं का.

कोणता संकेत दिलास? मॅडमनी विचारलं.
चुकले, मी सांगितलं.
त्यांनी शेरा न लिहिता सही केली.
सव्वाअठ्ठावन्न उरले.

जिन्यात सून त्यांना एकेक पायरी उतरवत होती.
शुक्रवारी वेलेवर या, मी वरून ओरडले.
ते थांबले.
कठडा धरून मान वर केली.

मी परत म्हटलं.