दुडोळी

नोंदवहीत नाव स्टीरिओस्कोप,
आम्ही कारकून मंडळी दुडोळी म्हणायचो.
खोक्यावर खात्याचा शिक्का, पितळी कडी,
आत थेट अमेरिकेहून आलेली शंभर चित्रं.
एका पुठ्ठ्यावर एकच देखावा दोनदा.
पट्टी मागेपुढे सरकवत राहायचं,
मग एकदम दोन्ही एकमेकांत शिरायची
आणि सपाट कागदाला खोली यायची.

मी धुंडिराज गुप्ते, दुय्यम कारकून,
फिरतं ग्रंथालय, बडोदे. पगार अठरा, भत्ता वेगळा.
डभोईच्या छोट्या गाडीने पेटी न्यायचो,
पुढे बैलगाडी, कधी नुसता खांदा.
धर्मशाळेच्या ओट्यावर माणसांची रांग.
नायगारा पाहून बायका पदर सावरायच्या, भिजेल म्हणून.
शिकागोचा कत्तलखाना मात्र मी वाणीआळीत काढत नसे,
तिथे आता मांस कायद्याने तपासतात
हे सांगूनही कुणाचं समाधान झालं नसतं.
पनामा सगळ्यांना आवडायचा:
डोंगर उभा चिरलेला, वाफेची फावडी,
अन् तळाशी मुंग्यांएवढी काळी माणसं
ज्यांच्याविषयी पुठ्ठ्यामागे एक अक्षर नव्हतं.

एकसष्ट नंबर: खंदक.
आत आडवेतिडवे देह, सगळे अनवाणी.
खाली छापलेलं, फिलिपाईन्स.
बासष्ट नंबर: तिथलीच शाळा,
फळा, पांढऱ्या झग्यातली मास्तरीण, ओळीत मुलं.
क्रम खात्याने ठरवलेला.
मी पढवलेलं बोलायचो,
"पाहा, परमुलखात जाऊनही हे लोक शाळा काढतात."

शिनोरच्या घाटावर एका म्हाताऱ्या नावाड्याने
दोन्ही पाहिली, आणि बासष्टवरून परत एकसष्ट मागितलं.
"आ कोना छोकरा?"
मी विचारलं, कुठल्या चित्रातले?
"बेउमां," तो म्हणाला. दोन्हीतले.
नर्मदेवर ऊन होतं. मला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं.
मी पुढचं चित्र लावलं.

सतरा साल. अमेरिकाही लढाईत उतरली
अशी तार कचेरीच्या फळ्यावर लागली त्याच आठवड्यात
बाबाजीपुऱ्यातून राहीबाई शितोळे आली.
हातात एक पोस्टकार्ड, घामाने मऊ झालेलं.
"इथे म्हणे लांबचे देश दिसतात.
मला बसरा दाखवा."

शंभरात बसरा नव्हतं.
मी यादी दोनदा पाहिली, तिला दिसावं म्हणून बोट फिरवत.
"मग जे आहे ते दाखवा," म्हणाली.
नायगारा तिने नुसताच पुढे ढकलला. पनामासुद्धा.
एकसष्टवर थांबली.
पट्टी पुढे. मागे. किंचित पुढे.
घड्याळात पावणेचार वाजले, चार वाजले,
शिपाई पंखा ओढायचा थांबून बघत राहिला.

"बाई, हे बसरा नव्हे. ही अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट.
आणि हे बघा, ह्यांचे पाय उघडे.
तुमच्या धन्याला सरकारने बूट दिलेत."

"दिलेत. चावतात, असं लिहिलंय," ती म्हणाली.
"काढलेही असतील."

मग तिने उजवा डोळा मिटला.
"असं बरं आहे. खोल दिसत नाही."

ती गेल्यावर भिंगं धोतराच्या सोग्याने पुसली.
पुढच्या दौऱ्यात मी आधी शाळा लावली, मग खंदक,
आणि तोंडाने काहीच बोललो नाही.
तपासनिसाने शेरा मारला: क्रम चुकला, माहिती अपुरी.
त्याच पानाच्या खाली माझं अक्षर आहे:
चित्र एकसष्ट, कडा झिजल्या, डाव्या बाजूस डाग.
बदली प्रत अमेरिकेहून मागवावी.

आली नाही. तेव्हा बोटीतून
दुसराच माल चालला होता.