सांधा क्रमांक सतरा

रॉटरडॅमहून आलेला मुलगा, हातात वही.
विचारलं, ही इमारत कोणाची?
मी म्हटलं, तिसऱ्यावर गुराम, चौथ्यावर मी,
आठव्यावर कोण राहतं देव जाणे,
रात्री अक्रोड फोडत असतं.
त्याला वास्तुकार हवा होता.

वास्तुकार नव्हता, बाळा. संस्था होती.
तिबिलिसीत, नदीच्या बाजूला, लांबट दालन,
चाळीस तिरके फळे, चाळीस उंच स्टुलं,
आणि हिवाळ्यात शाई गोठू नये म्हणून
दौत काखेत धरून बसलेली मी.
माझ्या वाट्याला सांधा आला होता:
दोन भिंती भेटतात तिथली दीड बोटाची फट.
अठरा वर्षं मी फट काढली.

त्याआधी, शिकताना, द्राक्षाची पानं काढायचे.
खांबाच्या माथ्यावरची वेल,
शिरा मोजून, कडेला पान किंचित मुडपून.
दगडाला वारा लागलेला दिसला पाहिजे,
अवतांदिल मास्तर म्हणायचे.
मग मॉस्कोहून हुकूम आला: शोभा म्हणजे उधळपट्टी.
आणि खोटं कशाला बोलू,
हुकूम अगदीच चुकीचा नव्हता.
आम्ही तेव्हा तळघरात सात जण,
एका चुलीवर तीन बिऱ्हाडं.
एका खांबाच्या पानांत एका घराचं न्हाणीघर बसतं,
हे गणित मास्तरांनीच मांडून दाखवलं,
आणि माझ्या कागदावरची पानं ब्लेडनं खरवडली,
हलक्या हातानं,
कागद तेव्हा मोजून मिळायचा.

माणशी नऊ चौरस मीटर.
म्हणे, झोपलेल्या माणसाला रात्रभर
किती हवा लागते, त्यावरून काढलेला आकडा.
भांडायला किती जागा लागते, कोणी मोजलं नाही.
जिन्याच्या वळणावर शवपेटी वळत नाही,
हे तर आम्हाला राहायला आल्यावर कळलं.
सासूबाई उभ्यानं उतरल्या.

तरी पहिल्या दिवशी नळ सोडून
मी नुसती उभी होते.
गरम पाणी. भिंतीतून.
माझ्याच फळ्यावरून आलेल्या भिंतीतून.

मग एका हिवाळ्यात देशच गेला,
त्याच्यामागून वीज, गॅस, माझी संस्था.
नकाशे लोकांनी शेगडीत घातले. मीही घातले;
मेणकागद छान पेटतो.
गुराम ट्रॉलीबसच्या डेपोत वेल्डर.
कुठून कुठून रूळ आणले,
आणि खिडकीबाहेर, निव्वळ हवेत,
चार मीटरची खोली बांधायला घेतली:
मुलाचं लग्न ठरलं होतं.
मला विचारलं, तुम्ही संस्थेतल्या, टिकेल ना?
मी म्हटलं, माझा सांधा एवढ्या वजनासाठी काढलेला नाही.
तो म्हणाला, आणि आम्ही?

त्याच्या खोलीवर मी माझी टेकवली.
हो, मीच. सगळं ठाऊक असून.
माझ्यावर पाचव्याची, तिच्यावर सहाव्याची.
कोणी एकानं काढली तर सगळ्यांची जाईल,
म्हणून जिन्यात आता कोणी कोणाशी
फार दिवस अबोला धरत नाही.

त्सियालानं, गुरामच्या बायकोनं,
दारापाशी तेलाच्या पिंपात वेल लावली होती.
तारेवरून चढत चढत ती नवव्यापर्यंत गेली.
माझ्या गजाला एक पान टेकतं,
कडेला किंचित मुडपलेलं.
मी शिरा मोजल्या नाहीत.
मात्र तिचं एक मूळ की फांदी, काय म्हणायचं ते,
सांध्यात शिरलंय, आणि पाऊस झाला की
ओट्यावर पाणी टपकतं. पातेलं ठेवते.

मुलगा वहीत मोठमोठे शब्द लिहीत होता.
मी म्हटलं, ते राहू दे, टेपचं टोक धर.
दीड बोट काढलं होतं.
आता माझा अख्खा अंगठा आत जातो.
तो घाबरला. वेल तोडायला हवी ना, म्हणाला.
मी खाली वाकून पाहिलं, घोस अजून हिरवे होते.
ऑक्टोबर होऊ दे, म्हटलं.