पौषात घर दाखवताना

मुबीन म्हणाला, पौषात कोण घर घेतं बाई,
संक्रांत होऊ द्या.
पण माझं सामान बांधून झालेलं.
मग अकराला दाखवू म्हणाला,
ऊन हॉलात येतं तेव्हा.

परभणीत पारा साडेचारवर.
उत्तरेच्या भिंतीला दोन हात डिस्टेंपर दिला,
चार दिवस झाले, बोटाला अजून पांढरं लागतंय.
लखन रंगारी काखेत हात घालून म्हणतो,
भिंतीलाच हुडहुडी भरलीय.

तांब्याचा बंब चिंचेनं घासला मोडीत घालायला,
मग घातलाच नाही.
मागच्या दाराच्या फटीत ह्यांचं जुनं धोतर कोंबलेलं,
ते मुबीननं काढायला लावलं.

दैठणकर आले, नवराबायको.
तो खरेदीखत, बोअर, नळपट्टी विचारत राहिला.
तिनं सोलरचा नळ सोडला
आणि धारेखाली हात धरून उभी राहिली.
"नऊच्या आत गार येतं," मी म्हणाले.
मुबीन खोकला.

मग मी सगळंच सांगून टाकलं :
मागच्या खोलीत खोबरेल होळीपर्यंत वितळत नाही,
फट कुठं, धोतर कुठं,
आणि साडेसातला परसातल्या तिसऱ्या पायरीवर
बशीएवढं ऊन येतं.
एकच माणूस मावतं.
आम्ही पाळीनं बसायचो, अर्धा अर्धा कप.

ती मागं गेली.
बारा वाजून गेले होते, पायरीवर नुसती सावली.
हॉलात मुबीन दोन लाखांनी खाली उतरला होता.
ती तरी बसून बघत होती,
ओढणी आवरून,
एका कडेला सरकून.